वाऱ्याचं झाकण

शालिग्राम नानांच्या गाडीला नाव नव्हतं. जळगावात कुल्फीची हातगाडी असली तरी तिच्यावर देवाचं, लेकराचं, नाहीतर निदान मालकाच्या गावाचं नाव असतं. नानांच्या गाडीवर दोन निळे ड्रम, एक फवारणीचा पंप, त्याचं इंजिन, पन्नास मीटर नळीचं वेटोळं आणि या सगळ्याला खालून धरणारी, हनीफने वेल्डिंग केलेली चाकांची चौकट एवढंच होतं. लोक तिला 'ती भिंती धुवायची गाडी' म्हणत. हनीफ दर महिन्याला सांगे, की नाना, नाव टाका, गिऱ्हाईक लक्षात ठेवतं. नाना म्हणत, सुचलं की टाकू. तीन वर्षं झाली, सुचलं नव्हतं.

गाडीचं काम समजायला सोपं होतं. एका ड्रममध्ये पाणी, तो रिकामा झाला की बदलायला दुसरा. बाजूला दोन लहान कॅन, डाव्या अंगाला ब्लीचचं औषध, उजव्या अंगाला ॲसिड, आणि त्या दोघांची भेट होऊ द्यायची नाही. इंजिन सुरू केलं की बारीक नळीतून कॅनमधलं औषध ओढलं जाई, पाण्यात मिसळे आणि बंदुकीसारख्या दांड्यातून भिंतीवर जाई. औषध किती ओढायचं ते एका पितळी तोटीवर होतं. भिंतीवरचं काळं शेवाळ, धुराची काजळी, पानाच्या पिचकाऱ्या, कबुतरांचं कर्तृत्व, सगळं त्याने निघे. गाडी हनीफच्या लोडिंग रिक्षात चढवली की कुठेही जाता येई.

नाना या धंद्यात वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आले. त्याआधीची तीस वर्षं ते सावद्याकडे केळीच्या बागांत फवारणीला होते. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, आणि करप्याने पिवळी पडलेली पानं डोक्यावर. तिथे त्यांना मान होता, कारण औषध कालवण्यात नानांचा हात धरणारा कोणी नव्हता. बाटलीवर लिहिलेलं असे, पंपाला दोन झाकणं. नाना दोन टाकत, मग आकाशाकडे बघत, आणि वरून तिसरं टाकत. हे तिसरं वाऱ्याचं. फवारताना वारा आपला वाटा उडवून नेतोच, मग तो आधीच काढून दिलेला बरा, असं ते सांगत. बागेचे मालक यावर माना डोलवत. वाऱ्याने कधी तक्रार केली नाही.

गुडघे गेले तेव्हा बाग सुटली. हनीफचं पिंप्राळ्यात खिडक्यांच्या जाळ्या करायचं दुकान होतं आणि त्याची दृष्टी सारखी लोकांच्या घरांवर असे. तो म्हणाला, "नाना, पत्तेपे मारते थे ना, अब दीवारपे मारो." नानांना यात चूक काही दिसली नाही. पहिलं काम एका डॉक्टरांच्या बंगल्याचं मिळालं. नानांनी दोन झाकणं टाकली, आकाशाकडे बघितलं, तिसरं टाकलं, आणि बंगल्याची पिस्ता रंगाची एक बाजू दुपारपर्यंत ताकासारखी झाली.

डबा घेऊन आलेल्या ज्योत्स्नाने ते पाहिलं. ज्योत्स्ना ही नानांची एकुलती एक मुलगी. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली, आणि तेव्हा सासरहून परत येऊन चार महिने झालेले. चार महिने ती घरात बसून होती. जेवायला वाढलं तर जेवे, नाही वाढलं तर विचारत नसे. त्या दिवशी तिने डबा पायरीवर ठेवला आणि झाकणाकडे बोट दाखवलं.

"नाना, हाई तिसरं कसाले?"

"वाराले."

"भिंतले वारा लागस का?"

नानांनी भिंतीकडे पाहिलं. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ज्योत्स्ना त्याच पावली घरी गेली आणि नेलपॉलिशची लाल बाटली घेऊन आली. लग्नातल्या सामानातली होती, अर्धीसुद्धा संपली नव्हती. पितळी तोटीवर तिने तीन खुणा केल्या. पहिली धुळीला, दुसरी शेवाळाला, तिसरी अगदी हट्टी डागाला. तिसरीच्या पुढे हात न्यायचा नाही. झाकण तिने नानांच्या हातून काढून घेतलं आणि संध्याकाळी परत दिलं, कारण ते सदऱ्याच्या खिशात नसलं तर नानांना चुकल्यासारखं व्हायला लागलं होतं. मात्र वापरायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून औषध ती कालवू लागली. डॉक्टरांनी उरलेल्या तीन बाजूही ताकासारख्या करून घेतल्या, सारखं दिसावं म्हणून.

आता ज्योत्स्ना परत का आली, तर सांगण्यासारखं फार नाही. तिला एरंडोलच्या अलीकडच्या एका गावात दिली होती. नवरा योगराज सुरतला कामाला होता. तो तिला सुरतला नेणार होता, आधी दिवाळीनंतर, मग उन्हाळ्यानंतर, मग खोली मिळाल्यावर. तिसऱ्या वर्षी कळलं, खोली केव्हाच मिळाली होती, तिच्यात हिला जागा नव्हती. भांडण झालं नाही, कोणी हात उगारला नाही. कागद झाले, सह्या झाल्या, पलंग आणि कपाट टेम्पोतून परत आलं. एकच गोष्ट परत आली नाही, ती म्हणजे नाव.

आपल्याकडे लग्नघराची पुढची भिंत रंगवतात. वर गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब, मध्ये नवरदेवाचं आणि नवरीचं नाव, खाली तारीख. मग पुढचं लग्न निघेपर्यंत ते तसंच राहतं, पाऊस-पाण्याने गेलं तेवढं गेलं. झुलाल आबांचं, म्हणजे योगराजच्या वडिलांचं घर गावातून जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. जळगावहून धुळ्याकडे जाताना उजव्या हाताला ती भिंत यायची. एसटीतून अक्षरं सहज वाचता येत.

ज्योत्स्नाची मावशी धुळ्याला होती आणि कामंही आता एरंडोल-पारोळ्याकडची निघत. नानांच्या लक्षात आलं, की जाताना पोरगी कायम डाव्या बाजूची सीट धरते आणि येताना उजव्या बाजूची. एसटी रिकामी असो, ऊन तोंडावर येवो, तिची बाजू ठरलेली. एकदा जाताना डावीकडे जागाच नव्हती तेव्हा ती एरंडोल येईपर्यंत डोळे मिटून बसली. नाना शेजारीच होते. झोप लागली नव्हती हे त्यांना कळत होतं. त्या दिवसापासून नानांनी शेकडो भिंती धुतल्या, पण त्यांच्या डोक्यात भिंत एकच होती. ती धुवायला मात्र मालकाने बोलवावं लागतं.

तीन वर्षांनी मालकाने बोलावलं. हनीफचा नंबर रिक्षावर होता, फोन त्याला आला.

"नाना, एरंडोलके अलीकडे एक काम है. शादी का घर है, आगे की दीवार धोनी है. झुलाल करके कोई बुड्ढा है."

हे नाव कोणाचं ते हनीफला माहीत नव्हतं. नानांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्या जाऊ."

ज्योत्स्नाला त्यांनी सांगितलं, पाळधीला एक टाकी धुवायची आहे. तिने डाव्या कॅनमध्ये औषध भरून दिलं आणि बजावलं, की टाकीला पहिल्या खुणेच्या पुढे जाऊ नका. नाना हो म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्याने त्यांनी निघताना पुन्हा एकदा, कोणी विचारलं नसताना, पाळधी म्हणून सांगितलं.

झुलाल आबा ओट्यावर बसले होते. नानांना रिक्षातून उतरताना पाहून ते उभे राहिले, आणि उभं राहायचं कारण न सुचून परत बसले.

"तुम्ही?"

"गाडी मनीच शे," नाना म्हणाले.

"माले माहीत नव्हतं."

"माहीत ऱ्हातं तर?"

आबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तरी तुमलेच बलावतू. दुसरं कोन शे आठे?"

योगराजचं दुसरं लग्न पंधरा दिवसांवर होतं. नवरदेव सुरतलाच होता. काय धुवायचं असं नानांनी विचारलं, तर आबा भिंतीकडे न बघता म्हणाले, "बठ्ठं धुई टाका." म्हणजे सगळंच. चहा आला. नाना आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले. हनीफने दोन्ही चहा घेतले, कारण तोवर कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं आणि चहा निवत होता.

कामाला सुरुवात गणपतीपासून करायची, हा नानांचा नियम. देवावर औषध मारायचं नाही. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि मऊ ब्रशने, साध्या पाण्याने गणपती उतरवला. डिंकात कालवलेला पावडरचा रंग, त्याला तेवढं पुरलं. मग चपला घातल्या, इंजिन सुरू केलं, तोटी दुसऱ्या खुणेवर आणली. शेवाळ गेलं. केळीचे खांब गेले. 'शुभविवाह' गेलं, तारीख गेली. 'चि. योगराज' इतक्या चटकन गेलं, की हनीफने वर बघेपर्यंत ते रस्त्याच्या कडेला गटारात पोचलं होतं. 'चि. सौ. कां.' गेलं.

'ज्योत्स्ना' राहिलं.

नानांनी तोटी तिसऱ्या खुणेवर नेली. दांडा जवळ धरला. अक्षरांवरची धूळ गेली, वरचं काळं गेलं आणि खालून लालभडक रंग निघाला, सहा वर्षांपूर्वी असेल तसा. आधी ते नाव दहा गोष्टींच्या गर्दीत एक होतं. आता सगळ्या भिंतीवर ते एकटंच होतं. धुळ्याकडे जाणारी एसटी समोरून गेली आणि खिडकीतल्या प्रत्येकाने ते वाचलं. समोरच्या पानटपरीवर आठ-दहा माणसं जमली. नाना घामाघूम झाले. लेकीचं नाव पुसायला आले आणि ते उजळून बसले.

दुपारी वना पेंटर आला, नवी नावं लिहायला माप घ्यायचं म्हणून. पंचक्रोशीतल्या लग्नाच्या भिंती त्याच रंगवी. त्याने नावाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाना, ते पानीवर निंघनार नही. ऑइल पेंट शे."

"तू ऑइल पेंट कसाले मारा?"

"डबा तुमनाच व्हता ना. इसरी गयात?"

आणि मग नानांना आठवलं. हळदीच्या आदल्या दिवशी ते मुद्दाम या गावाला आले होते, रंगकाम कसं चाललंय ते बघायला. वनाचे पावडरचे रंग पाहून त्यांना वाटलं, हे दोन पावसाळे काढणार नाही. घरचा लोखंडी दरवाजा रंगवून उरलेला लाल रंग होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ते तो डबा घेऊन परत आले आणि वनाला म्हणाले, बाकीचं तुझ्या रंगात लिही, पोरीचं नाव यात लिही. तिचं नाव या घरावरून जायला नको. नवरीच्या बापाने एवढी हौस केली, म्हणून वनाने वर एक हातही जास्त मारला होता.

नाना ओट्याच्या पायरीवर बसले. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही राग आला, आणि राग धरायला आपल्याशिवाय कोणी सापडेना. बाकी सगळं सासरच्यांनी केलं असेल, हे मात्र त्यांनी स्वतः, डबा वाहून आणून केलं होतं. बराच वेळ त्यांनी फोन हातात धरला. मग लावला.

"ज्योत्स्ना, ऑइल पेंट कसानी निंघस?"

"पाळधीनी टाकीले ऑइल पेंट शे?"

"पाळधी नही."

 पलीकडून घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. ती पुढे काही विचारील असं नानांना वाटलं. तिने विचारलं नाही.

"हात लावू नका, नाना. मी येस."

दोन तासांनी जळगावहून एसटी आली. नाना भिंतीसमोर उभे होते. उजव्या बाजूच्या खिडकीत त्यांना ज्योत्स्ना दिसली. ती उजव्या बाजूला बसली होती आणि भिंतीकडे बघत होती, टपरीवरची माणसं बघत होती तशीच, सरळ. नाना नळीचं वेटोळं नीट करायला वाकले.

ती झाकणाची बादली घेऊन उतरली. बादलीत मैद्याची खळ होती. तिच्यात तिने तेलकट डागांसाठी ठेवलेला कॉस्टिक सोडा कालवला होता, म्हणजे औषध भिंतीवरून ओघळणार नाही, चिकटून राहील. सुनंदाबाई, योगराजची आई, दारात आल्या. तांब्या पुढे केला.

"बरी शे ना?"

"बरी शे," ज्योत्स्ना म्हणाली. पाणी प्यायली, तांब्या परत दिला आणि हातमोजे चढवले.

नाना ब्रश घ्यायला पुढे झाले. तिने दिला नाही. 'ज्यो'पासून सुरुवात करून तिने एकेक अक्षर खळीने माखलं, काना-मात्रा न सोडता. मग अर्धा तास थांबायचं होतं. या अर्ध्या तासात काय करायचं ते कोणालाच कळेना. आबांनी खाट आणून टाकली, तिच्यावर कोणी बसलं नाही. वनाने दोनदा माप घेतलं. हनीफला आता सगळं समजलं होतं. तो इंजिनापाशी उकिडवा बसून सकाळी प्यायलेल्या दोन चहांबद्दल वाईट वाटून घेत होता.

अर्ध्या तासाने रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. ज्योत्स्नाने पत्र्याच्या तुकड्याने तो खरवडला, नानांनी वरून पाणी मारलं. लाल रंग गेला. सगळे जवळ आले आणि सगळ्यांनी एकदमच वाचलं, 'ज्योत्स्ना'. रंगाखालची भिंत सहा वर्षं ऊन-पावसापासून झाकलेली होती. बाकी भिंत विटलेली आणि तेवढ्या अक्षरांपुरता मूळचा आकाशी रंग कोराच्या कोरा. आधी लाल होतं, आता आकाशी.

टपरीवर कोणीतरी हसलं. नानांनी तोटी तिसऱ्या खुणेवर नेली आणि लेकीकडे पाहिलं. ज्योत्स्ना भिंतीपासून चार पावलं मागे जाऊन उभी होती. थोडा वेळ तिने आपलं नाव बघितलं. मग म्हणाली, "नाना, झाकण शे का खिसामा?"

 नानांनी खिशात हात घातला.

"बठ्ठी भिंत एकसारखी उतरवनी पडी. वारानं टाका."

त्यांनी ड्रमचं तोंड उघडलं. एक टाकलं. दुसरं टाकलं. आकाशाकडे बघितलं, कारण त्याशिवाय तिसरं टाकता येत नसे, आणि तिसरं टाकलं. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी भिंत तीनदा धुतली. विटलेलं, आकाशी, सगळं एका रंगाचं झालं, डॉक्टरांच्या बंगल्यासारखं. नाव कुठे होतं ते ज्याने लिहिलं त्या वनालाही बोटाने दाखवता आलं नाही.

आबा पुढे येऊन भिंतीला हात लावून बघून गेले. काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात होतं. ते म्हणाले, "चांगली निंघनी."

वनाने पिशवी उघडली. तिच्यात पावडरच्या पुड्या होत्या आणि एक डबा, झाकणावर वाळलेल्या लाल रंगाचे ओघळ. लग्नानंतर उरलेला, त्याने जपून ठेवला होता. चांगला रंग कोणी टाकत नाही.

"अर्धा शे अजून," तो आबांना म्हणाला. "नवी नवरीनं नाव हायमाच लिखू का? पक्कं ऱ्हास."

आबांनी नानांकडे पाहिलं. नानांनी जमिनीकडे पाहिलं. ज्योत्स्नाने हातमोजे काढले, पुढे झाली आणि वनाच्या हातून डबा घेतला.

"तिनं पावडरमाच लिखा, वनाभाऊ. ती नांदनी तं भिंतवर नाव कोनले वाचनं पडस? आनि हाऊ डबा आमना शे."

परत येताना ती रिक्षात मागे, गाडीजवळ बसली. हनीफ पुढे रिक्षा चालवत होता, नाना त्याच्या शेजारी. पाळधी आल्यावर नानांनी मागे वळून पाहिलं. तिने काडीने डब्याचं झाकण उचकटलं होतं, वरची वाळलेली साय बाजूला केली होती, आणि रिक्षा हलत असताना निळ्या ड्रमवर पहिलं अक्षर काढत होती. ते जरा वाकडं आलं होतं. नानांनी हनीफला हळू चालवायला सांगितलं.

"नाना, नाव सुचनं का?" तिने मान वर न करता विचारलं.

"सुचनं," नाना म्हणाले.

ड्रमवर आता ते नाव आहे. 'ज्यो' वाकडा आहे, पुढचं सरळ आहे. भिंती धुताना त्यावर रोज औषध उडतं, कधी दुसऱ्या खुणेचं, कधी तिसऱ्या. ते निघत नाही.